माझ्या नावाचं गाऱ्हाणं

भाऊ गेल्यावर त्याच्यावर उपचार करणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं आणि तुम्हीही रक्त तपासून घ्या म्हणाल्या. भाऊ माझ्याहून धाकटा. मेंदूत गाठ झाली, ऑपरेशन झालं, गाठ पुन्हा वाढली आणि तो संपला. गावात कळू द्यायचं नाही, लोक कीव करतात, असं त्याने आईकडून वचनच घेतलं होतं. वडीलही आमच्या लहानपणी हाडाच्या कॅन्सरने गेलेले. एकाच घरात तरुण वयात दोघं, म्हणून बाईंनी भावाचं रक्त आधीच तपासलं होतं. त्यात टीपी ५३ नावाचं जनुक जन्मापासून बिघडलेलं निघालं. हा बिघाड वडिलांकडून आला असेल, तर माझ्यातही असण्याची शक्यता निम्मी होती. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं एक मन म्हणत होतं. तरी रक्त देऊन आले.

मी महाडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हे जनुक मी दरवर्षी फळ्यावर काढते. बिघडलेली पेशी वाढायला निघाली की ते तिला थांबवतं, आधी दुरुस्त हो म्हणतं, आणि नाहीच जमलं तर मरायला लावतं. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडली तरी दुसरी काम रेटते. दुसरीही गेली की त्या पेशीला जाब विचारणारं कुणी उरत नाही. ज्यांच्यात हा बिघाड होतो, त्यांतल्या बहुतेकांत तो पुढे आयुष्यात कधीतरी होतो. भाऊ मात्र एक प्रत गमावूनच जन्माला आला होता, आणि मेंदूतल्या कुठल्याशा पेशीत दुसरीही गेली. मुलं हे परीक्षेत हमखास उलटं लिहितात आणि मी लाल रेघा मारते. आता तोच धडा माझ्या अंगात आहे की नाही, याचा निकाल यायचा होता. स्टाफरूममध्ये सांगितलं असतं तर सगळ्यांनी हळहळून आपापल्या डब्यातली भाजी पुढे केली असती. मला ती नको होती. चवदार तळ्यामागच्या गल्लीत माझी भाड्याची खोली आहे. संध्याकाळी तिथे येऊन मी दार लावायची आणि भीतीने नुसती बसून राहायची.

आईला सांगणं भाग होतं. ती आमच्या गावी, कापड्याला, शेतावरच्या घरात एकटीच असते. तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "जनुक म्हंजे काय गो?"

मला उपमा देण्याची खोड. म्हटलं, "आये, आपल्या शिवेवर राखणदार देव हाय ना, तसे अंगातल्या कणाकणात दोन राखणदार असतात. एक निजला तरी दुसरा जागा असतो. दोघंही निजले की घात."

"आन् तुझे?"

"तेच बघायला दिलंय."

समजलं अशी मान डोलावून ती पुन्हा तांदळाकडे वळली. इतकी शहाणी विद्यार्थिनी मला वर्गात कधी मिळाली नाही, असं मनात म्हणत मी महाडची एसटी धरली.

पुढच्या रविवारी तिने निरोप धाडून बोलावलं. जाऊन बघते तो अख्खी वाडी शिवेवर उभी. अख्खी म्हणजे जे मुंबईला गेले नाहीत ते, बहुतेक म्हातारेच. सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान असलेला म्हातारा नारळ घेऊन पुढे झाला. गाऱ्हाणं हळू आवाजात घालत नाहीत.

"देवा म्हाराजा, हिच्या बापाचा राखणदार निजला. हिच्या भावाचा निजला. हिच्या अंगात दोन हायत म्हंतात. त्यातला एखादा डुलक्या घेत असंल तर त्याला जागा कर, आन् हिला सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

माझे कान लाल झाले. आईचा असा राग आला की तिच्याकडे बघवेना. बिघडलेलं जनुक डुलकी घेत नसतं, ते कुणाच्या हाकेने उठत नसतं, हे त्या नारळापुढे कुणाला सांगणार? पण माझ्या भीतीबद्दल कुणीतरी मोठ्याने बोललं, ते इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मला रडू आलं. त्या दिवसापासून वाडीतल्या बायका माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तशा बोलू लागल्या. मला स्थळं सुचवणं मात्र कायमचं थांबलं, तेवढा एक फायदा झाला.

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या आवारात होते. माझ्या दोन्ही प्रती शाबूत होत्या. भावाच्या वाट्याला जे आलं, ते मला चुकवून गेलं होतं. मी आईला फोन लावला.

"देव पावला गो बाय!" म्हणत ती रडली, हसली, शेजारणीला हाक मारून सांगू लागली. मग एकदम तिचा आवाज उतरला.

"मंग त्याच्यासाठी का नाय घातलं गो आपून गाऱ्हाणं?"

"आये, त्याचं जन्मापासनंच बिघडलेलं व्हतं. गाऱ्हाणं घालून काय झालं नसतं."

"तुझं बी जन्मापासनं चांगलंच व्हतं ना? तरी सगळी वाडी उभी राह्यली तुझ्यासाठी. माझा पोरगा एकटा गेला."