हलू नका, मास्तर

ओठांत टाचण्या धरून बोलायची कला मास्तरांना तीस वर्षांच्या शिवणकामात अशी साधली होती की एकही टाचणी कधी पडली नाही. ट्रायलला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकानं जरा खांदा उडवला की मास्तर ओठ न हलवता म्हणायचे, "हलू नका." माणसाला दहा मिनिटं एका जागी उभं राहता येऊ नये म्हणजे काय, असं त्यांना मनापासून वाटायचं.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच पोटानं उचल खाल्ली. माप घेता घेता कळ यायची आणि गळ्यात टेप तशीच ठेवून मास्तर मागच्या दाराकडे धूम ठोकायचे. रक्त तपासून झालं, दुर्बीण घालून झाली, सगळं साफ निघालं. आतडं चिडकं आहे, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. चिडकं तर चिडकं, पण त्याची समजूत कशी काढायची ते कुणी सांगेना. पथ्यानं मास्तर वाळले, गोळ्यांनी आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच सुरू.

मुलगी पाच तासांच्या वाटेवर राहायची. तिला बाळ झालं तेव्हा मास्तर बसमध्ये बसले आणि दुसऱ्याच थांब्यावर उतरून घरी परत आले. मुलीला कळवलं की कामाचा डोंगर आहे. तो डोंगर दीड वर्ष जागचा हलला नाही. मुलगीही माहेरी यायचं नाव काढत नव्हती, बाळ लहान आहे म्हणायची. तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं तेव्हा मास्तर चार लागट शब्द बोलले होते. तेच तिच्या मनात असणार, असं म्हणून ते स्वतःवर चडफडायचे.

एका सकाळी तिचा फोन आला. "बाबा, तुमचा राग गेला नसेल तर तसं सांगा. मी पुन्हा बोलावणार नाही."

त्यानंतर मास्तर कटिंगच्या टेबलापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. खरं काय ते सांगून टाका, असं बायकोचं म्हणणं पडलं.

"काय सांगू पोरीला? बापाला संडास आवरत नाही म्हणून?"

बायकोनं वाद घातला नाही. तिनं सरळ सुया टोचून उपचार करणाऱ्या बाईंची वेळ घेतली.

खोली एवढीशी, खाट अरुंद, आणि भिंतीवरचं घड्याळ मास्तरांच्या जिवावर उठल्यासारखं वाजत होतं. बाईंनी केसासारख्या बारीक सुया पोटावर, गुडघ्यांखाली, मनगटांवर टोचल्या. मास्तरांनी सवयीनं मोजल्या, अकरा भरल्या. वीस मिनिटं स्वस्थ पडा, असं सांगून बाई दार लोटून गेल्या. चौथ्या मिनिटाला पोटात गुरगुर झाली. संडास कुठे आहे ते विचारायचंच राहिलं होतं. सहाव्या मिनिटाला मास्तरांच्या कपाळावर घाम फुटला.

बाई परतल्या तेव्हा मास्तर एका हातानं विजार सावरत दाराशी उभे होते, आणि सगळ्या सुया एका ओळीत त्यांच्या ओठांत होत्या.

"अकरा आहेत, मोजून घ्या," मास्तर ओठ न हलवता म्हणाले.

बाई आधी भडकल्या, मग खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. ट्रायल चालू असताना गिऱ्हाइकानं असा उद्योग केला तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. पुन्हा दुकानाची पायरी चढू देणार नाही, असं मास्तरांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. पुढच्या खेपेला बाईंनी संडास लागून असलेल्या खोलीत खाट त्याच्या दाराजवळ सरकवली आणि ते दार उघडं ठेवलं. म्हणाल्या, "जावंसं वाटलं तर हाक मारा, सुया मी काढीन. बरं वाटेलच अशी हमी देत नाही. काहींना वाटतं."

त्या दिवशी हाक मारावी लागली नाही. आठ बैठकांनंतर सकाळच्या पाच फेऱ्या दोनवर आल्या. गुण सुयांचा की उघड्या दाराचा, हे मास्तरांना उमगलं नाही. मनाची चुळबुळ तर तेवढीच होती. तरीही त्यांनी बस पकडली.

तीन तास त्यांनी समोरच्या सीटचा दांडा धरून काढले. चौथ्या तासाला एका थांब्यावर ते उतरून पळाले, आणि बाहेर येऊन बघतात तर बस निघून गेलेली. नातीसाठी अंदाजानं शिवलेला फ्रॉक पिशवीसकट तिच्यातच गेला. जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी माप न घेता शिवलं होतं. ते बाकावर बसले आणि त्यांना रडू आलं. मग त्यांनी फोन लावला आणि मुलीला पहिल्या कळेपासून सगळं सांगून टाकलं. राग कधीच नव्हता, हेही सांगितलं.

मग ती म्हणाली, "बाबा, मलाही हेच आहे. बाळंतपणापासून. म्हणून तर येत नव्हते तिकडे."

दुसरी बस बघतो, असं म्हणत मास्तर बाकावरून उठले.

"तिथेच बसा, हलू नका. मी गाडी काढते, छकुलीला घेऊन येते. तासाभराची वाट आहे, पण दोन तास धरा. मला मधे थांबावं लागतं."