गोठ्याजवळची ताटली

रिसोडहून शिरपूरला जाणाऱ्या एस.टी.त एक शेतकरी माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर जर्मनची नवी ताटली होती. ती कोणासाठी, हे मी न विचारताच त्यानं सांगितलं. त्याच्या आईला तोंडाचा कॅन्सर झाला होता, म्हणून तिचं जेवण आता गोठ्याजवळ, वेगळ्या ताटलीत.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो, आमच्या घरातला पहिलाच. "काका, कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही," मी म्हणालो.

"मंग आला कुठून?" बोलताना तो ताटली बोटानं वाजवायचा.

प्राध्यापकांनी नुकतंच शिकवलेलं मी अडखळत सांगितलं. पेशीला वाढायला लावणारी जनुकं सगळ्यांच्यातच असतात, निरोगी पेशी त्यांना आवरून धरते. तो आवर सुटला की पेशी वाढतच जाते. तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "पन लागते का नाही?" माझा आवाज चढला, मग मलाच लाज वाटली.

ताटली वाजायची थांबली. "म्हंजे बैल आपलाच. पिकात डवरा चालवताना तोंडाचं मुसकं सुटलं, अन् आपलंच पीक खाऊन राह्यला."

माझ्या वहीतल्या चार पानांपेक्षा हे नेमकं होतं. "तेच, काका! त्यानं शेजारच्या बैलाचं मुसकं सुटते का?"

"नाही सुटत." शिरपूर आलं, तो उठला. "आजपासून मी मायसंगं जेवतो, बाबू."

"अन् लेकरं?"

"लेकरायले नाही बसू देत. तुले लेकरं झाले की समजन."

एस.टी. सुटली. त्याला समजलं नसतं तर मला नीट चिडता आलं असतं. पण त्याला माझ्याहून चांगलं समजलं होतं.