चौलच्या हवेतली काळी पाच

चौलला माझा गळा जास्त खुलतो, असं मी गेली काही वर्षं सगळ्यांना सांगत होते. मुंबईत घरी रियाजाला बसले की वरचा सा घशात अडकायचा, आणि चौलच्या देवळात उत्सवाला गायला बसले की तोच सा अलगद लागायचा. त्याचं श्रेय मी समुद्राला दिलं, पोफळीच्या वाड्यांना दिलं, सकाळी प्यायलेल्या शहाळ्यालाही दिलं. गळा सुधारायचा असेल तर चार दिवस चौलला राहून या, असा सल्ला मी शिष्यांना अगदी गंभीरपणे देत असे. एक बिचारी खरंच राहून आली.

माझी पट्टी काळी पाच. पेटीच्या ज्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा, ती त्याची पट्टी, आणि बायकांच्या गाण्यात काळी पाच म्हणजे चांगलीच उंच. माझ्या गुरूंनी ती मला सतराव्या वर्षी दिली आणि तेव्हापासून मी ती मिरवत आले. रेडिओवर, परगावच्या बैठकांत, तापानं फणफणले असतानाही मी खाली उतरले नाही. वय झालं की माणसं पट्टी उतरवतात, त्यात लाजण्यासारखं काही नसतं, हे मला ठाऊक होतं. पण ते इतरांसाठी.

चौलच्या उत्सवात मी पहिल्यांदा गायले ती विशीत. तबल्याला तिथलेच एक वाडीवाले होते, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठे. दिवसभर सुपारी सोलून राठ झालेले हात. खाऱ्या वाऱ्यानं तबल्याचं चामडं सैल पडतं म्हणून गाणं सुरू होईपर्यंत ते तबला चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. मला हसू आलं होतं. मग त्यांनी ठेका धरला, तो इतका स्थिर, की मी भीती विसरून गायले. पुढे मोठमोठ्या तबलजींबरोबर गायले. त्यांतले निम्मे माझ्याशी कुस्ती खेळायलाच बसायचे. चौलला आलं की पाठ टेकायला जागा मिळाल्यासारखं वाटायचं. दुपारी देवळाच्या ओवरीत वालाचं बिरडं आणि भात, संध्याकाळी रिक्षानं रेवदंड्याचा किनारा. तिथे सुकत घातलेल्या मासळीच्या वासात आम्ही दोघं आणि पेटी वाजवणारे मास्तर बंदिशींवरून तासन्‌तास भांडायचो. ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो.

पाचेक वर्षांपूर्वी त्याच देवळात माझा वरचा सा फुटला. श्रोत्यांनी सांभाळून घेतलं. नंतर चहाच्या वेळी मी तोऱ्यात जाहीर केलं, की काळी पाच गेली की मी गाणंच बंद करणार, खाली उतरून केविलवाणं गाणार नाही. वाडीवाले कपांत चहा ओतत होते. त्यांनी माझा कप माझ्यापुढे सरकवला. पुढच्या वर्षीपासून मला चौलच्या हवेचा गुण येऊ लागला.

यंदाच्या उत्सवातलं माझं गाणं एका शिष्येनं मोबाइलवर टिपून घेतलं होतं. त्याच्याबरोबर रियाज करायला म्हणून तिनं तानपुरा काळी पाचला लावला. जुळेना. बरीच खटपट करून ती भीत भीत म्हणाली, की हे गाणं काळी चारमधलं आहे. म्हणजे पूर्ण एक सूर खाली. मी तिच्यावरच डाफरले, मोबाइलला नावं ठेवली आणि तिला घरी पाठवलं. मग दार लावून स्वतः पेटी काढली. काळी चार. गेल्या वर्षीचं गाणं लावलं, तेही काळी चार. त्याच्या आधीच्या वर्षी पांढरी सहा, म्हणजे मधली पायरी.

मैफलीत मी डोळे मिटून मास्तरांकडे पेटीवरचा सा मागते आणि मिळालेल्या सावर तानपुरे लावते. ती माझी ऐट. मास्तरांचं बोट कुठे आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि तबला त्या सुरात चोख मिळालेला होता, म्हणजे वाडीवालेही कटात होते.

दुसऱ्याच दिवशी मी लाँचनं मांडव्याला उतरले आणि तडक चौल गाठलं. वाटेत बोलायचं सगळं मनात पाठ केलं होतं. वाडीवाले अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. मी उभ्या उभ्या त्यांना सुनावलं, की तुम्ही मला फसवून गायला लावलंत, लोकांत माझं हसं केलंत, आता गाणं बंद आणि तुमच्याशी बोलणंही बंद. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय, मास्तरांना मीच सांगितलं," ते म्हणाले. "तुमी बोलता तसंच करता, ताई. गानं सोडलं असतंत. मंग मी कुनासंगं वाजवायचं?"

ते मला आत घेऊन गेले आणि पलंगावरची चादर बाजूला केली. चार तबले ओळीनं मांडलेले. दोन ओळखीचे, गेल्या वर्षांतले, पांढरी सहाचा आणि काळी चारचा. उरलेले दोन जरा रुंद तोंडाचे, कारण तोंड रुंद तसा तबल्याचा सूर खाली. काळी चारच्याही खाली एकेक पायरी, एक पांढरी पाचचा, एक काळी तीनचा. त्यांच्यावर अजून बोटही पडलेलं नव्हतं. माझ्या पुढच्या वयासाठी त्यांनी ते आधीच करून घेतले होते.

राग कुठे गेला कळलं नाही. आपला आवाज आपण एकटीनं सांभाळला, असं मी जन्मभर मानत आले होते. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि रडले. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. थोड्या वेळानं मी विचारलं, काळी तीनही लागेनाशी झाली तर?

"मंग तुमी नुस्त्या समोर बसा," ते म्हणाले. "मी वाजवतो."

मी डोळे पुसले आणि त्यांना काळी चारचा तबला काढायला सांगितलं. ते नाव माझ्या पट्टीचं म्हणून मी पहिल्यांदाच तोंडानं घेत होते.