अंतर कमी झालं

संस्थेत सगळे त्याला जाळीवाले म्हणत, आणि तोही फोन उचलून बेधडक ‘जाळीवाले बोलतोय’ असं सांगे. शेजारशेजारच्या देशांचे ठिपके काढायचे, कोण कोणाला किती माल विकतं त्या मानाने जाडबारीक रेघांनी ते जोडून जाळी विणायची, आणि गरीब देश श्रीमंतांच्या बरोबरीला येताहेत का ते बघायचं, हे त्याचं काम. स्वतःच्या जिन्यातल्या शेजाऱ्यांची नावं मात्र त्याला धड ठाऊक नव्हती.

यंदा घबाड हाती लागलं. रेघा जिथे जाड, तिथे उत्पन्नातलं अंतर भराभर कमी होत होतं. साहेब खूश झाले. समितीपुढे एवढं मांडलं की नोकरीची मुदत वाढणार, हे ठरल्यातच जमा होतं. स्वारी हवेत होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी चित्र जरा देखणं करावं म्हणून त्याने उत्पन्नाप्रमाणे ठिपके लहानमोठे केले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. लहान ठिपके होते तेवढेच होते. मधला मोठा तेवढा दरवर्षी आक्रसत चालला होता. शेजारी वर चढलेच नव्हते, श्रीमंत खाली आला होता. या शहाण्याने इतकी वर्षं नुसतं अंतर मोजलं. हललं कोण, हे बघायचं त्याला सुचलंच नाही. एखाद्या विद्यार्थ्याने हेच केलं असतं, तर त्याने त्याला बिनदिक्कत नापास केलं असतं.

त्याने साहेबांना सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, “अंतर कमी झालंय ना? मग तेवढंच सांगा.”

तेवढंच सांगायचं त्याने ठरवलंही. आपण काही हुतात्मा नव्हे, असं तो आरशासमोर दोनदा बोलला. पण ऐन बैठकीत जीभ फितूर झाली आणि खरं काय ते सांगून बसली. यात शौर्य कसलं आलंय? दुसऱ्यांच्या चुका काढायची जन्माची खोड, ती या खेपेला स्वतःवरच उलटली. मुदत वाढली नाही. अर्ध्या पगारावर शिकवायचं काम तेवढं मिळालं.

बायको बालवाडीत शिकवायची. ती कपडे वाळत घालत होती. बातमी सांगून झाल्यावर त्याने उसनं हसू आणलं. “चला, आता आपल्या दोघांचा पगार सारखा झाला.”

“झाला खरा,” ती म्हणाली, “पण मी होते तिथेच आहे.”

तो ओशाळला. लग्न झाल्यापासून तिचा पगार एकदाही वाढला नव्हता, आणि घरच्या या तज्ज्ञाला ते आज कळत होतं.