अंजनाबाईचा डाग

कुरखेड्याकडच्या गावांत अंजनाबाईच्या डागाचा मोठा दबदबा. पोराचं पोट फुगो की कुणाला लकवा मारो, माणसं दवाखान्याआधी तिच्या अंगणात. ती विळ्याचं टोक लाल करायची आणि दुखऱ्या जागी टेकवायची. रोगी ओरडेपर्यंत हात थांबायचा नाही. "वरडला का रोग निंगाला समजा," ती म्हणायची. आता तापला विळा काय गुदगुल्या करतो? पण हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या धानकापणीत तिच्याच नवऱ्याला, सोमाजीला, बांधावर लकव्याचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. पण पाय ओढत का होईना, तो चालत घरी आला.

"वयनी, बंडी जुंपतो. दवाखान्यात नेऊ," धाकटा दीर बापूराव म्हणाला.

"मी असतां दवाखाना काऊन?" अंजनाबाई उसळली.

तिनं मनगटावर डाग दिला. सोमाजी ओरडला नाही. मग कोपरावर दिला, दंडावर दिला, तरी आवाज नाही. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या. डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"रोग जोर करून राह्यला. भाऊजी, हात धरा त्याहिचा!"

बापूरावानं धरला. खांद्यापर्यंत कातडी जळाली.

जखमा चिघळल्या, ताप चढला. चालता सोमाजी खाटेला खिळला, तेव्हा कुठं बंडी जुंपली गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं.

"रक्त नळीत भराभर खाली बसतंय, म्हणजे अंगात मोठी सूज आहे. झटका इतका जबर होता?"

"नाई साहेब, पायानं चालत घरी आलता," बापूराव म्हणाला.

डॉक्टरांनी हातावरचं फडकं काढलं. "झटका हलका होता. ही सूज या जखमांची. तिनंच त्याला पार खाली ओढलं. हा हात आता काही यायचा नाही."

अंजनाबाईला एकाच गोष्टीचा आधार उरला. लुळ्या हाताले काय समजते? त्याहिले दुखलंच नसन. भेटेल त्याला ती हेच सांगे, आणि रात्री स्वतःला.

होळीनंतर सोमाजीची जीभ अडखळत वळू लागली. एका दुपारी ती त्याला भात भरवत होती. शेजारची मनकर्णा दारातून कौतुकानं म्हणाली, "इतके डाग सोसले, पर भाऊ वरडला नाई."

सोमाजीनं तोंडापुढचा घास डाव्या हातानं बाजूला सारला.

"वरडत... होतो," तो बायकोकडे बघत म्हणाला. "लय वरडत होतो. आवाजच... नाई निंगे."