पाचवा बोल

पूर्णेच्या काठच्या काळ्या जमिनीत आमचं गाव. तिथल्या माणसाला डोंगर म्हणजे उत्तरेकडे, हवा स्वच्छ असली तर दिसणारी एक निळी रेघ. त्या रेघेपलीकडे वाघ असतात आणि रानात राहणारी माणसं असतात, एवढीच आमची माहिती. जत्रेला जावं, सोयऱ्याधायऱ्यांकडे जावं, बाजाराला जावं. पण नुसता डोंगर बघायला कोणी बैल जुंपतो असं गावात सांगितलं असतं, तर लोकांनी वैद्य बोलावला असता. आम्ही जुंपले, आणि त्याला कारण माझी बायको.

ती परतवाड्याकडची, डोंगराच्या पायथ्याची. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमचा सपाट मुलूख तिला पसंत पडलेला नव्हता. "इथं नजर अडतच नाई कुठं," अशी तिची तक्रार. जात्यावर बसली की ती माझ्या मायला चिखलदऱ्याच्या गोष्टी सांगे. तिथं भीमाचं कुंड आहे, गाविलगडाचे दरवाजे आहेत, आणि पंचबोल नावाचा एक कडा आहे. त्या कड्यावरून एक हाक मारली की समोरचे डोंगर ती पाच वेळा परत देतात. मायनं बाकीचं सगळं सोडलं आणि हा पंचबोल तेवढा धरून ठेवला.

त्याला कारण होतं. मायचे कान जात चालले होते. आधी चिमण्या गेल्या, मग सुनेच्या काकणांचा आवाज गेला, मग अंगणातून मारलेली हाक. एलिचपूरच्या हकिमानं दोन महिने कानात तेल घातलं आणि शेवटी सांगितलं की राहिलेलंही वर्षभरात जाईल. "मंग पहाडाचं एकदा ऐकून घेतो," माय म्हणाली. "पुढं तुमचं नाई ऐकू आलं तरी चालते." मायनं जन्मात मागितलेल्या गोष्टी दोन, एक चांगला पाटा आणि एक दुधाची म्हैस. ही तिसरी मागणी ऐकून बा गप्पच बसला, आणि बा गप्प बसणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट होती.

बा म्हणजे माझा बाप, तापट आणि तोंडाळ. त्यात ती वर्षं कापसाची. सातासमुद्रापार कुठे तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि आमच्या पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले होते. अकोल्याचे दलाल, जे पूर्वी बाला उन्हात उभा ठेवत, ते आता त्याला गादीवर बसवून पान देत. बानं नवी छपराची दमणी केली, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या आणि स्वतःला एक गुलाबी पटका घेतला. पटका बांधून तो शेतात जाई, तेव्हा आम्ही तोंड फिरवून हसत असू.

मायला तो "ऐकलं का वं" अशी हाक मारी. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही आणि बायकोनं नवऱ्याचं तर मुळीच नाही, ही आमच्याकडची रीत. मायचं नाव मला ठाऊक होतं, पण कोणाच्या तोंडून ते ऐकलेलं आठवत नव्हतं. तिचे कान जायला लागल्यापासून बा तीच हाक दुप्पट मोठ्यानं मारू लागला होता. "ऐकलं का वं" हे चार घरं ऐकत, माय सोडून.

फाल्गुन लागला, वेचणी आटोपली, कापूस गेला आणि आम्ही निघालो. दमणीत माय आणि माझी बायको, पुढे बा आणि मी. तिसऱ्या दिवशी एलिचपूरला एका नालबंदापाशी पाणी प्यायला थांबलो. त्यानं बैलांच्या खुरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाटील, पहाड चढना है तो नाल ठुकवा लो. काली मिट्टी के जानवर हैं, पत्थर पे नहीं टिकेंगे."

बाला ते लागलं. आमच्याकडे नाल ठोकायची ती भाड्याच्या बैलाला. मऊ मातीत वाढलेला, तेल लावून चमकवलेला कोरा खूर ही घरच्या बैलाची शान. "माह्या बैलाच्या पायात खिळा?" तो म्हणाला. "भाड्याचे वाटले का तुले?" माझी बायको सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. तिनं धवळ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यालाच सांगितलं, "आमच्याकडं नाल नसलेलं जनावर घाटात नेत नाईत रे बाबू." बानं ते नीट ऐकलं आणि दमणी हाकली.

घाट सुरू झाला आणि मी तर हरखूनच गेलो. पानं झडलेल्या रानात पळस पेटले होते. प्रत्येक वळणावर आपला मुलूख आणखी खाली जाई. शेवटी पूर्णेकाठची सगळी रानं एका पदराखाली झाकता येतील एवढी झाली. माय छपराबाहेर डोकं काढून बघत होती. बा मात्र उतरून मातीची चिमूट बोटांत चोळी आणि म्हणे, "काई नाई पिकत इथं." एवढी जमीन उभी करून ठेवली आणि पेरायची सोय ठेवली नाही, याचा त्याला देवावर राग आला असावा.

पुढच्या एका वळणावर धवळ्या लंगडला. थोड्या वेळानं दुसरा बैलही पाय उचलून धरू लागला. खूर झिजून रक्त आलं होतं. बा खाली बसला, बैलाचा पाय मांडीवर घेतला, आणि डोक्यावरचा गुलाबी पटका सोडून त्याच्या पट्ट्या फाडायला लागला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. नालबंदाचं नाव कोणी काढलं नाही. माझ्या बायकोनंही नाही, आणि त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

त्या वळणावर एका कोरकू बाईचं घर होतं. तिनं बैल झाडाखाली बांधून घेतले, खुरांवर कसला तरी पाला वाटून लावला आणि सांगितलं की तिचा घरवाला त्यांच्याकडे बघेल, पण चार दिवस यांना हलवू नका.

"झालं मंग," बा म्हणाला. "इथूनच मागं. बैल बरे झाले का घरी." मग मायकडे वळून मोठ्यानं, "ऐकलं का वं, मागं जायाचं हाय."

माय दमणीतून उतरली. लुगड्याचा काचा आवळला, भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि घाटानं वर चालू लागली. बानं पुन्हा ओरडून सांगितलं. ती चालतच राहिली. तिला खरंच ऐकू गेलं नव्हतं की चांगलं ऐकू गेलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. बा उघड्या डोक्यानं तिच्यामागे निघाला, आम्ही त्याच्यामागे, आणि ती कोरकू बाई हसत हसत सगळ्यांच्या पुढे गेली. तिचा भाऊ वर चिखलदऱ्याला राहत होता, ती आम्हाला त्याच्याकडेच नेणार होती.

ती चाल मला अजून पायांत आठवते. पाऊलवाट बांबूच्या बेटांतून जाई, मग एकदम उघड्या माळावर येई. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. बाईनं आम्हाला ती खायला लावली. बायको पुढे पळे, हरणासारखी दगडांवर चढे आणि वरून मला चिडवी. "काऊन, सपाटीचे पाय थकले का?" घरात डोक्यावरचा पदर न ढळू देणारी हीच का ती, असं मला वाटलं. त्या दिवशी मी बायकोच्या प्रेमात पडलो, लग्नानंतर दोन वर्षांनी. उशीर झाला, पण झालं ते बरंच झालं.

भीमकुंडापाशी दुपारी पोचलो. उन्हाळा तोंडावर आलेला, तरी पाण्याची एक धार सरळ खोल दरीत पडत होती. भीमानं कीचकाला मारून या दरीत फेकलं आणि इथं हात धुतले म्हणतात. बानं कड्यावरून खाली पाहिलं आणि कीचकाबद्दल त्याला पहिल्यांदाच दया आली. माय धारेकडे बघत होती. "आवाज करते का ते?" तिनं सुनेला विचारलं. सुनेनं होकाराची मान डोलावली आणि मायचा हात धरून ओल्या खडकावर टेकवला. खडक बारीक थरथरत होता. माय बराच वेळ तशीच हात टेकून बसली आणि बाला म्हणाली, "करते आवाज." मला तिथून उठवेना. उद्या पंचबोलाचंही तिला असंच हातानं ऐकावं लागलं तर, असं मनात येत राहिलं.

रात्र कोरकू बाईच्या भावाकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आम्हाला पंचबोलावर नेलं. पुढे जमीनच नाही. समोर एकामागे एक डोंगर, मध्ये दरी, दरीत धुकं. बा दोन पावलं मागे सरला. मग त्यानं छाती भरून घेतली आणि जोंधळ्यावरची पाखरं हाकलायची आरोळी ठोकली. समोरचा डोंगर तसाच ओरडला. मग त्यामागचा. मग उजवीकडून, मग कुठून तरी लांबून, आणि शेवटी अगदी बारीक, पाचव्यांदा.

बा वेडाच झाला. त्यानं आणखी चार आरोळ्या ठोकल्या. डोंगराला शिवी दिली, ती पाच वेळा परत आली, तर पोटभर हसला. मीही ओरडलो, बायको ओरडली. आम्ही कशाला आलो होतो हेच विसरलो. मग माय म्हणाली, "झालं का सुरू?"

तिला एकही ऐकू आलं नव्हतं. आमची तोंडं बघून तिला ते कळलं, आणि उलट तीच आमची समजूत काढायला लागली. "तुमाले आलं ना ऐकू? मंग झालं. भाकर खाऊन घ्या आता." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बायको मला हळूच म्हणाली, "आत्याबाईले उगाच आवाज समजत नाई. वळखीचा शब्द पायजे." कोरकू बाई म्हणाली, "नाव घे. पहाड नावच चांगलं घेते. आमचं माणूस रानात चुकलं तं आमी इथून नावानंच पुकारतो." मी पुढे झालो आणि "माय" म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडलो. माझा आवाज मायच्याच वळणावर गेलेला, किनरा. तिनं नाही म्हणून मान हलवली. भरीव, जाड आवाज आमच्यात एकाचाच होता. आम्ही सगळे बाच्या तोंडाकडे बघायला लागलो.

"मी?" बा म्हणाला. "चार लोकाईत? बायकोचं नाव?" त्याचा चेहरा कालच्या पटक्याच्या रंगाचा झाला. बैल खाली राहिला होता, म्हणून बायकोनं शेजारच्या झाडाला सांगितलं, "इथं लोकं हाईतच कुठं? आमी तं घरचेच."

बानं आम्हाला दूर पिटाळलं. "तुमी तिकडं जा सगळे. आन् कान झाकून घ्या." आम्ही करवंदीच्या जाळीमागे गेलो आणि अर्थातच फांद्या बाजूला सारून बघू लागलो. बानं मायला कड्याजवळच्या दगडावर बसवलं, डोंगराकडे तोंड करून. तो तिच्या मागे उभा राहिला. दोनदा घसा खाकरला. मग चाळीस वर्षांत एकदाही न घेतलेलं ते नाव त्यानं पूर्ण जोरानं दरीत सोडलं.

मायनं दचकून मागे पाहिलं नाही. तिनं उजवा हात वर केला, पाची बोटं उघडी. पहिला डोंगर बोलला, तिनं करंगळी मिटली. मग दुसरं बोट. मग तिसरं. चौथा बोल आला तेव्हा तिनं जरा मान कलती केली, थांबली, आणि चौथंही मिटलं. जाळीमागे माझ्या बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. पाचवा बोल आला. फार बारीक आला, पण आम्ही ऐकला. मायचा अंगठा तसाच उभा राहिला.

ती वाट बघत होती. धुकं हललं, खाली कुठे तरी एक मोर ओरडला, तो तिला ऐकू गेला नसणारच. "चारच झाले," ती म्हणाली.

बानं पुन्हा हाक मारायला छाती भरून घेतली. मग ती तशीच सोडून दिली. तो गुडघ्यावर बसला, तिच्या कानावरचा पदर बाजूला केला, तोंड अगदी जवळ नेलं आणि काही तरी बोलला. आम्हाला ऐकू आलं नाही.

मायनं अंगठा मिटला. "झाले पाच," ती म्हणाली. "चला आता, बैलं वाट पाहून राह्यले असतील."

पुढच्या वेचणीपर्यंत तिचे कान पुरते गेले. गावातल्या बायका पंचबोलाचं विचारायला येत आणि ती प्रत्येकीला सांगे की पहाडानं मला नावानं हाक मारली, पाच वेळा, आपल्या कानानं ऐकलं. बा ओसरीवर दोर वळत बसलेला असे. तो मान खाली घालून वळत राही आणि पाच नव्हते असं कधी म्हणत नसे.