फौजदार, सोलापूर पूर्व

जोतिराम मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो मेलेला होता. निदान माझी तशी खात्री झाली होती. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, त्यात वीज गेलेली. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझ्या बायकोने, म्हणजे शिवलीलाने, अभ्यासिका काढली आहे. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात खुर्ची आणि खुर्चीत स्पर्धा परीक्षेचा एकेक उमेदवार. उकाड्याने सगळी पोरं जिन्यात येऊन एकमेकांना वहीने वारा घालत होती. आत एकटा जोतिराम. पापणी हलत नव्हती. कपाळावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. कबुतराने त्याच्या डोक्यावर घरटं बांधलं होतं, अंडी घातली होती आणि पिल्लं उडायच्या बेतात होती, असं मी लोकांना सांगत असे. त्यातलं कबुतर तेवढं खरं आहे. मी घाबरून त्याच्या खांद्याला हात लावला. प्रेत नम्रपणे म्हणालं, "काका, एकच पान राहिलंय."

विद्यार्थ्याला यश मिळायला जे जे गुण लागतात म्हणतात, ते सगळे या एका माणसात कोंबून भरले होते. एकाग्रता तर सांगितलीच. शिस्त अशी की गल्लीतले लोक त्याला चहाला निघालेला बघून दूध तापवायला ठेवत. चिकाटी म्हणाल तर घोरपडीने येऊन शिकवणी लावावी. शिवलीलाने त्याला दाराजवळचा पहिला कप्पा दिला होता. मिठाईवाला जसा सगळ्यात मोठा पेढा काचेत ठेवतो, तसा. नव्या पोराचे आईबाप आले की ती त्यांना आधी जोतिराम दाखवायची. "बघा, असं बसायचं." मग ते आईबाप आपल्या पोराकडे बघायचे आणि पोरगं जोतिरामकडे असं बघायचं, की त्या नजरेने माणूस जळून जावा. त्याने एकदा खिडकीजवळची जागा मागितली होती. शिवलीला म्हणाली, तू आत गेलास तर लोकांना दिसणार काय?

तर असा हा माणूस एका वर्षी फौजदाराच्या परीक्षेतला पहिला टप्पा, म्हणजे पूर्व परीक्षा, पास झाला आणि त्याचं वाटोळं झालं.

झालं असं, की त्याने आनंदाच्या भरात गावी चुलतभाऊ हणमंताला फोन केला. गाव माळशिरस तालुक्यातलं, पण कालवा ज्याला बघून वळसा घालतो त्यातलं. माणसांपेक्षा मेंढरं जास्त, आणि मोबाइलची रेंज दोघांनाही नाही. हणमंता पाण्याच्या टाकीवर चढून बोलत होता. त्याला ऐकू आलं ते एवढंच: "फौजदार... पूर्व... पास." आता हणमंता निवडणुकांतला कार्यकर्ता. त्याच्या डोक्यात पूर्व म्हणजे दिशा. मतदारसंघाला पूर्व-पश्चिम असते, मग फौजदाराला का नसावी? संध्याकाळच्या आत एसटी थांब्यावर डिजिटल झळकलं. डिजिटल म्हणजे आमच्याकडे तो मोठा छापील फलक, ज्यावर माणसाच्या चेहऱ्यापेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे जास्त असतात. त्यावर लिहिलं होतं: "आपल्या गावचे सुपुत्र जोतिरामसाहेब यांची फौजदार, सोलापूर पूर्व, या पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली मधोमध टोपीवाला फौजदार होता. धड कुणाचं तरी होतं, मुंडकं जोतिरामचं.

पुढच्या टप्प्याला, म्हणजे मुख्य परीक्षेला, जोतिराम नापास झाला. डिजिटल मात्र पास झालं ते झालंच.

तेव्हापासून तो सोलापुरात अडकला. गावी जायचं तर टोपी कुठाय विचारणार. इकडे गावाकडून फोन सुरू. कुणाची मोटारसायकल पोलिसांनी धरली, साहेबांनी सोडवावी. हा साहेब चौकात जायचा, वाहतूक हवालदारापुढे हात जोडून उभा राहायचा, साहेब, जाऊ द्या की, गरीब माणूस हाय, म्हणायचा. गाडी सुटली की गावात साहेबांचा वट वाढायचा. दर वर्षी तो पुन्हा परीक्षेला बसायचा. पास झालो तर खोटं आपोआप खरं होईल, एवढाच आता अभ्यासामागचा हिशेब उरला होता. एकदा चहा पिताना मला म्हणाला, "काका, मला खरं म्हंजी मेंढरंच राखाया आवडतं. पर आता फौजदार झाल्याबिगर मेंढपाळ होता येत न्हाय." मी हसलो. तो हसला नाही.

मग गावच्या हायस्कूलचं आमंत्रण आलं. विषय, 'यशस्वी विद्यार्थ्याचे गुण'. प्रमुख पाहुणे, फौजदारसाहेब. जोतिरामने ठरवलं की व्यासपीठावरूनच सगळं खरं सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. एकट्याचं धाडस होईना म्हणून मला माझ्या स्कूटरसकट नेलं. तिथे फेटा, शाल, नारळ झाल्यावर तो उभा राहिला. घाम पुसला. चिकाटी, शिस्त, एकाग्रता यांवर चार वाक्यं बोलला आणि एका दमात म्हणाला, "हे सगळे गुण माझ्यात हायेत, आणि मी फौजदार न्हाय."

 मग मुख्याध्यापकांनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. बघा मुलांनो, म्हणाले, एवढ्या मोठ्या पदावर जाऊनही साहेब स्वतःला फौजदार मानत नाहीत. नम्रता हा यशस्वी विद्यार्थ्याचा पाचवा गुण. लिहून घ्या. चौथा कुठला ते त्यांनी सांगितलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. जोतिराम पुन्हा पुन्हा "न्हाय, खरंच न्हाय" म्हणत होता आणि दर वेळी टाळ्या वाढत होत्या. हणमंताच्या डोळ्यांत पाणी आलं.

राहता राहिली आई, अंबुबाई. वस्तीवर गेलो तेव्हा त्या वाडग्याशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाशी, कोकरं मोजत होत्या. जोतिरामने फेटा काढून बाजेवर ठेवला आणि म्हणाला, "आई, मी हितंच ऱ्हातो आता. मेंढरं राखतो."

"फौजदार कुटं मेंढरं राखतो व्हय?"

"आई, मी फौजदार न्हाय गं."

"ठावं हाय की," अंबुबाई कोकरावरची नजर न काढता म्हणाल्या. "फौजदाराच्या आईला आजून रेशनच्या रांगेत हुबं ऱ्हावं लागतंय व्हय रं?"

मी मनात म्हटलं, सुटला एकदाचा. जोतिरामचा चेहराही तसाच उजळला होता. पण म्हातारीचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"आरं, त्ये डिजिटल लागल्यापास्नं आपलं एक कोकरू चोरीला गेलं न्हाय. वरच्या वस्तीवरची गेली, खालच्या वस्तीवरची गेली, मधली आपलीच तेवडी ऱ्हायली. फौजदाराच्या वाडग्यात कोन शिरतंय? तू हितं काठी घिऊन बसलास, की चोरास्नी कळंल." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "तू आपला तितंच बस, लेकरा. लई चांगला बसतोस म्हनं. आन हणमंताला सांग, डिजिटल कोपऱ्यात फाटलंय, नवं लाव म्हनावं."

आम्ही निघालो. वाटेत थांब्यावर मुंडकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं असा तो फौजदार आम्हाला बघत होता. थोडं पुढे गेल्यावर मी आरशात पाहिलं. जोतिरामने पिशवीतून पुस्तक काढलं होतं आणि भर रस्त्यात, धावत्या स्कूटरवर, तो वाचत होता. फेटा विसरून पुन्हा डोक्यावर चढवला होता. एकाग्रता तशीच होती.

शिवलीलाने त्या वर्षी अभ्यासिकेत दोन कप्पे वाढवले.

मागच्या साली जोतिरामची परीक्षेची वयोमर्यादा संपली. तो आता टेंभुर्णीजवळ एका गोदामाच्या पश्चिमेकडच्या फाटकावर रखवालदार आहे. पूर्वेकडच्या फाटकावर दुसरा माणूस आहे.